यंत्रविवेक : मऊ बदल आणि ठाम बदल



या वेळचे पत्र सांगलीच्या एका हळद व्यापारी बंधूंचे आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करतात. गेल्या उन्हाळ्यात हे गृहस्थ सपत्नीक तेथे दोन महिने राहून आले. मुलाने हौसेने एक जुनी शेव्हर्ले कमॅरो, सन २००० ची, विकत घेतली आहे. ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, ३०५ अश्वशक्ती आणि स्वयंचलित गिअरबॉक्स. गाडी सुस्थितीत आहे, बिघाड काही नाही. तरीही मुलगा म्हणतो, "अण्णा, गिअर बदलताना गाडी रेंगाळते. हा बदल ठाम करून घ्यायचा आहे."

वडिलांना हे पटत नाही. ते लिहितात : "ज्यांनी गाडी घडवली त्यांनी ती मऊ चालावी अशी घडवली. चांगल्या चालणाऱ्या वस्तूत पैसे घालून ती धक्के देणारी करावी, हा कसला व्यवहार? मुलाचे म्हणणे असे, की त्या मऊपणानेच गिअरबॉक्स झिजतो. हे खरे, की हौसेला दिलेले शहाणपणाचे नाव? शिवाय त्याच्या एका मित्राने सांगितले, की या गिअरबॉक्सच्या तेलात पूर्वी देवमाशाचे तेल असे. त्याचाही खुलासा करावा. या विषयावरून फोनवर दोनदा शब्दाला शब्द वाढला. आता आम्ही दोघेही तो विषय टाळतो."

शेवटच्या वाक्यामुळे हे पत्र बाजूला ठेववले नाही. वडील आणि मुलगा दोघेही जमाखर्चच मांडत आहेत. फक्त दोघांच्या वहीची पाने वेगळी आहेत. ती पाने एकत्र करून पाहू.

प्रथम बदल म्हणजे काय ते पाहू. साध्या गाडीत आपण पायाने क्लच दाबतो, इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडतो, दांडी सरकवतो आणि संबंध पुन्हा जोडतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये संबंध तुटत नाही. त्यात दातेरी चक्रांचे संच नेहमीच एकमेकांत गुंतलेले असतात. कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते फिरू द्यायचे, यावर वेगाचे प्रमाण ठरते. हे धरण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच आणि बँड नावाचे पोलादी पट्टे करतात. एका पकडीने सोडायचे आणि त्याच वेळी दुसरीने धरायचे. पेढीवर एक गुमास्ता दुसऱ्याच्या हाती गल्ल्याची किल्ली देतो, तसेच हे आहे. दुसऱ्याने किल्ली घट्ट धरण्यापूर्वी पहिल्याने सोडली तर ती खाली पडते; दोघेही धरून बसले तर ओढाताण होते.

आता मुलाच्या गाडीतील आकडे पाहा. तिच्या गिअरबॉक्सचे नाव ४एल६०-ई. चार म्हणजे पुढे जाण्याचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, ६० हा त्याच्या क्षमतेचा दर्जा आणि ई म्हणजे विद्युत नियंत्रण. १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ या गिअरबॉक्सचा हा वंशज. त्याच्या चार गिअरांची प्रमाणे अनुक्रमे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० अशी आहेत. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्या घेत असताना दुसरा गिअर पडला, तर गाडीचा वेग तोच राहून इंजिनला सुमारे २,९०० फेऱ्यांवर यावे लागते. मिनिटाला २,६०० फेऱ्यांचा हा फरक एका क्षणात कुठेतरी जिरवावा लागतो. तो जिरतो बँडच्या आणि क्लचच्या अस्तरांमध्ये. ही अस्तरे कागदासारख्या तंतुमय पदार्थाची असतात. ती पोलादावर घसरतात, तापतात आणि मग पक्की धरतात. ज्याला आपण मऊ बदल म्हणतो, तो म्हणजे ही घसरण थोडी लांबवलेली असते.

ती लांबवण्याची योजना मोठी कल्पक आहे. तेलाचा दाब एकदम क्लचवर न पडता हळूहळू चढावा म्हणून वाटेत ॲक्युम्युलेटर नावाचा एक दट्ट्या असतो. त्याच्यामागे स्प्रिंग असते. तेल आले की तो प्रथम स्वतः मागे सरतो, थोडे तेल आपल्या पोटात घेतो आणि तेवढा वेळ क्लचवरचा दाब मर्यादित ठेवतो. शिवाय तेल ज्या धातूच्या चकत्यातून जाते, त्या सेपरेटर प्लेटमधील छिद्रे मुद्दाम बारीक ठेवलेली असतात. बारीक छिद्रातून तेल सावकाश येते, म्हणून पकडही सावकाश बसते. प्रवाशाला काही जाणवत नाही. परंतु प्रवाशाला जो धक्का बसला नाही, त्याचा मोबदला अस्तराने उष्णतेच्या रूपाने भरलेला असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा मऊपणा उधारीवर घेतलेला आहे आणि व्याज क्लच भरतो.

हे व्याज किती? त्याचे दोन भाग आहेत, आणि येथेच मुलाचे गणित थोडे सुधारावे लागेल. पहिला भाग इंजिनच्या फिरत्या वजनाचा. ५,५०० फेऱ्यांवरून २,९०० वर येताना त्या वजनात साठलेली शक्ती बाहेर पडणारच. बदल जलद करा वा सावकाश, हा भाग फारसा कमी होत नाही. दुसरा भाग इंजिन त्या वेळीही देत असलेल्या जोराचा. घसरण जितका वेळ चालेल तितका वेळ हा जोर अस्तरावर उष्णता ओतत राहतो. घसरणीचा काळ निम्मा केला तर हा दुसरा भाग जवळजवळ निम्मा होतो. म्हणून ठाम बदलाने उष्णता कमी होते हे मुलाचे म्हणणे खरे. पण ती संपते असे नव्हे. इंजिन जितके जोरकस, तितका दुसरा भाग मोठा, आणि म्हणूनच हा प्रश्न शक्तिमान गाड्यांच्या मालकांना अधिक पडतो. या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचा क्लच, ज्याला कारागीर थ्री-फोर क्लच म्हणतात, तो जळणे हा नेहमीचा आजार मानला जातो.

मग निर्मात्यांना हे ठाऊक नव्हते काय? पुरेपूर ठाऊक होते. पण त्यांचे गिऱ्हाईक वेगळे होते. १९३९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रा-मॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला, तो क्लचचे पेडल नको असलेल्या सर्वसामान्य कुटुंबासाठी. युद्धकाळात तोच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यातही बसवला गेला, यावरून त्याच्या मजबुतीची कल्पना यावी. परंतु शांततेच्या काळात विक्रेता गिऱ्हाइकाला गाडीत बसवून दाखवी ते एवढेच, की बदल कधी झाला हे कळतसुद्धा नाही. मऊपणा हा विक्रीचा गुण ठरला.

दुसरीकडे कॅलिफोर्नियात सरळ पट्ट्यावरच्या शर्यती करणाऱ्या तरुणांना हा मऊपणा परवडेना. १९५३ मध्ये बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांनी बी अँड एम ही संस्था सुरू केली आणि शर्यतीसाठी स्वयंचलित गिअरबॉक्स घडवण्यात नाव मिळवले. पुढे गिल यंगर यांच्या ट्रान्सगो या कंपनीने, गिअरबॉक्स पूर्ण न उघडता बदल ठाम करता येतील अशा सुट्या भागांचा संच बाजारात आणला. 'शिफ्ट किट' हे त्यांचे व्यापारी नाव आज सर्वच तत्सम संचांना लोक सरसकट वापरतात.

या संचात असते तरी काय? काही नव्या स्प्रिंगा, एखाद-दुसरा व्हॉल्व्ह आणि सेपरेटर प्लेटमधील ठरावीक छिद्रे ठरावीक मापाने मोठी करण्याची सूचना किंवा तयार प्लेट. म्हणजे ॲक्युम्युलेटरचे पोट थोडे आखडायचे आणि तेलाची वाट थोडी रुंद करायची. याशिवाय या गिअरबॉक्सच्या बाबतीत 'कॉर्व्हेट सर्व्हो' नावाचा एक भाग लोकप्रिय आहे. दुसऱ्या गिअरचा बँड आवळणारा दट्ट्या त्यात मोठ्या क्षेत्रफळाचा असतो. दाब तोच, पण क्षेत्रफळ जास्त, म्हणून पकड जोराची. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला हाच नियम.

आता वडिलांच्या बाजूने बोलू, कारण त्यांची शंकाही निराधार नाही.

घसरण कमी केली की धक्का वाढतो, आणि तो धक्का कोणाला तरी सोसावा लागतो. या गिअरबॉक्समध्ये सन शेल नावाचे एक पातळ पोलादी कवच आहे. दुसऱ्या, चौथ्या आणि मागे जाण्याच्या गिअरचा सारा जोर त्यातून जातो. ते तुटले किंवा त्याचे दाते झिजले की हे तिन्ही गिअर एकदम जातात. गाडी पहिल्या आणि तिसऱ्यावर चालते, मागे मात्र जात नाही. मुलाच्या ओळखीच्या एका तरुणाने एका कारखान्यात शर्यतीसाठीचा सर्वांत कडक संच बसवून घेतला, मूळ सन शेल तसेच ठेवले, आणि काही महिन्यांतच गाडी वाहनतळातून मागे घेता येईना, असे पत्रातच नमूद आहे. क्लच वाचवण्यासाठी त्याने कवच गमावले. एका खात्यावरचा खर्च दुसऱ्या खात्यावर टाकला म्हणजे तो वाचला असे होत नाही.

दुसरी गोष्ट हवामानाची. कमॅरोची शक्ती मागच्या चाकांवर जाते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असते. वळणावर, ओल्या किंवा गोठलेल्या रस्त्यावर गिअर झटक्याने पडला तर मागची चाके सुटू शकतात. आई-वडिलांची काळजी येथे हौसेच्या नव्हे, जिवाच्या बाजूची आहे आणि मुलाने ती हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून खरा प्रश्न मऊ की ठाम हा नाहीच. प्रश्न आहे : किती, आणि केव्हा? उत्तम रीतीने केलेला ठाम बदल तो, जो ॲक्सिलरेटर हलका असताना जवळपास पूर्वीसारखाच शांत राहतो आणि पाय जोरात दाबल्यावरच आवळतो. बाजारात जाताना मागच्या आसनावर बसलेल्या मातोश्रींची मान हलता कामा नये. हलली तर काम चुकले, मग शर्यतीत ते कितीही चांगले असो.

या गाडीत तसे करणे शक्य आहे, कारण तेलाचा दाब संगणकाच्या हाती आहे. संगणक प्रत्येक बदलाला किती वेळ लागला ते मोजतो, अपेक्षित वेळेशी ताडून पाहतो आणि पुढच्या वेळी दाब कमी-जास्त करतो. शिवाय बदलाच्या क्षणी तो इंजिनचा जोरही थोडा उतरवतो, म्हणजे क्लचवरचा भार हलका होतो. यात एक गोष्ट मनन करण्यासारखी आहे. दाब कमी करण्यासाठी विद्युतप्रवाह लागतो. तो प्रवाहच खंडित झाला तर गिअरबॉक्समध्ये आपोआप पूर्ण दाब येतो. म्हणजे निर्मात्यांनीच ठरवून ठेवले आहे, की संकटकाळी यंत्राने मऊपणा सोडावा आणि पकड सांभाळावी. त्यांच्या मनात अग्रक्रम कशाला होता, हे यावरून कळते.

चिरंजीवांना माझी सूचना क्रमाने अशी.

पहिले, गिअरबॉक्सची प्रकृती पाहा. तेल लालसर आणि स्वच्छ असावे. ते काळपट असेल, जळका वास येत असेल किंवा तळाच्या पात्रात अस्तराचा काळा चुरा फार असेल, तर संच बसवू नये. झिजलेला क्लच दाब वाढवून नवा होत नाही. तेथे दुरुस्तीच हवी.

दुसरे, तेल थंड ठेवण्याची सोय करा. वेगळा कूलर बसवणे हे सर्वांत साधे आणि निर्धोक काम. तेल सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर दर ११ अंशांच्या वाढीने त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. मऊपणाचे व्याज शेवटी उष्णतेतच भरायचे असते. मग ती उष्णता आधी बाहेर काढणे हेच शहाणपण. हिवाळ्यात मात्र तेल अति थंड राहू नये म्हणून ते मूळच्या रेडिएटरमधूनही जात राहील अशीच जोडणी करावी.

तिसरे, संगणकातील मांडणी जाणकाराकडून बदलून पाहा. काही वेळा दाब आणि अपेक्षित वेळ एवढेच बदलून मनासारखा परिणाम मिळतो आणि यंत्राला हात लावावा लागत नाही. बदलाच्या क्षणी इंजिनचा जोर उतरवण्याची सोय मात्र पूर्ण बंद करू नये. अनेक तरुण ती प्रथम बंद करतात आणि मग सन शेलची वाट लागते.

चौथे, त्यानेही समाधान झाले नाही तर रोजच्या वापरासाठीचा सौम्य संच आणि मोठा सर्व्हो बसवा. छिद्रांचे माप सूचनेप्रमाणेच ठेवा. सेपरेटर प्लेटचे छिद्र एकदा मोठे केले की लहान होत नाही. तेथे प्लेटच बदलावी लागते.

पाचवे, पुढे कधी गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागलाच, तर त्या वेळी कठीण केलेले सन शेल घाला. केवळ त्याच्यासाठी चांगला गिअरबॉक्स उघडू नका.

खर्चाचा विचार करता सौम्य संच साधारण शंभर डॉलरच्या घरात पडतो, बसवण्याची मजुरी वेगळी. पूर्ण दुरुस्तीला दोन-तीन हजार डॉलर सहज लागतात. गाडी आणखी पाच-सात वर्षे ठेवायची असेल, तर योग्य क्रमाने केलेला छोटा खर्च हा उधळेपणा नव्हे. पुढच्या वर्षी विकायची असेल, तर कूलर आणि नवे तेल एवढ्यावर थांबावे.

आता देवमाशाच्या तेलाचा प्रश्न. मित्राने सांगितले ते खरे आहे. क्लचचे अस्तर पोलादाला एकदम चिकटून झटका देऊ नये म्हणून गिअरबॉक्सच्या तेलात घर्षण सौम्य करणारे एक द्रव्य मिसळतात. जनरल मोटर्सने १९६७ मध्ये डेक्सरॉन नावाचे जे तेल प्रमाणित केले, त्यात आणि त्यापूर्वीच्या तेलांतही हे काम स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल करीत असे. म्हणजे त्या काळी गाडीचा बदल कळू नये यासाठी समुद्रातील एका महाकाय जिवाचे प्राण जात होते. १९७० मध्ये अमेरिकेच्या शासनाने या देवमाशांना संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले आणि त्यांच्या तेलाची आयात बंद झाली. तेल उद्योगाने प्रथम कुरकुर केली, मग पर्याय शोधले. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचे तेल त्याच्या जवळचे म्हणून अभ्यासले गेले, प्रयोगशाळेत घडवलेली द्रव्येही आली. १९७३ च्या सुमारास डेक्सरॉन-दोन आले ते देवमाशाशिवाय. आजच्या तेलांत देवमासा नाही. घर्षण सौम्य करणारी काही द्रव्ये स्निग्धाम्लांपासून बनतात आणि ती स्निग्धाम्ले वनस्पतिज किंवा प्राणिज दोन्ही असू शकतात; डब्यावर तसे लिहिलेले नसते. ज्यांचा या बाबतीत कटाक्ष आहे त्यांनी निर्मात्याला पत्र लिहून विचारावे. विचारणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच उत्तर देण्याची सवय लागते.

जाता जाता एक इशारा. फोर्ड कंपनीच्या जुन्या गाड्यांसाठी 'टाइप एफ' नावाचे तेल मिळते. त्यात घर्षण सौम्य करणारे द्रव्य नसते, म्हणून त्याने बदल ठाम होतो. काही लोक ते कोणत्याही गाडीत ओततात. या कमॅरोत ते घालू नये. तिच्या टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचला डेक्सरॉन प्रकारचेच तेल मानवते. अन्यथा त्या जागी थरथर सुरू होते. स्वस्तातला उपाय म्हणून तेल बदलणे आणि विचार करून यंत्र बदलणे यांत हा फरक आहे.

सांगलीच्या बंधूंना शेवटी एवढेच निवेदन. आपण हळदीच्या सौद्यात मालाचा भाव पाहून लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी माल हातात घेऊन पाहता, मग किती घ्यायचा ते ठरवता. मुलाला "नको" म्हणण्याऐवजी "किती?" असे विचारा. त्याच्याजवळ उत्तर असेल तर त्याचा अभ्यास झाला आहे असे समजा. नसेल, तर वरील पाच सूचना त्याला वाचून दाखवा. आणि काम झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्या गाडीत मागे बसा, शेजारी वहिनींना बसवा. मुलगा शांतपणे गाडी चालवीत असता बदल कळला नाही, आणि त्याने महामार्गावर पाय दाबताच गाडीने रेंगाळणे सोडले, तर दोघांचेही म्हणणे खरे ठरले असे माना.

तोवर त्याला एक फोन करावा. तो विषय टाळणे पुरे झाले.